व्हिएन्नातले कामगारवाडे: आधी दार कुठं आहे ते बघा

शोनब्रुन राजवाड्याला नेणारी हिरवी यू-४ मेट्रो उलट्या दिशेने पकडली, की शेवटचं स्टेशन लागतं हायलिगेनश्टाट. कागदी तिकीट असेल तर आत शिरतानाच ते निळ्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा. इथं फाटक नसतं, त्यामुळे हे हमखास विसरतं आणि तपासनीस आला की दंड भरावा लागतो. स्टेशनाबाहेर आलं की समोर इमारत नाही, गल्लीच्या गल्ली उभी दिसते. हा कार्ल-मार्क्स-होफ. लांबी एक किलोमीटरहून जास्त, घरं १,३८२, आणि सुरुवातीला राहणारी माणसं पाच हजारांच्या आसपास. बांधकाम १९२७ ते १९३०, वास्तुकार कार्ल एन (Karl Ehn). जर्मनमधल्या ‘होफ’ला मराठीत अंगणही म्हणता येईल आणि वाडाही. दोन्ही अर्थ इथं लागू पडतात.

बहुतेक जण इथं एक चूक करतात. उंच कमानींचा फोटो काढतात आणि परतीची गाडी धरतात. कमानींखालून पलीकडच्या चौकात जा आणि मागं वळून बघा. प्रसिद्ध दर्शनी बाजू ती आहे. कमानींच्या माथ्यावर चिनीमातीच्या चार आकृत्या आहेत: स्वातंत्र्य, संगोपन, प्रबोधन आणि शरीरसंवर्धन. कमानी एवढ्या रुंद ठेवण्यामागे एक साधं कारणही होतं. स्टेशनावर उतरून टेकडीवरच्या फुटबॉलच्या मैदानाकडे जाणारी गर्दी याच वाटेने जायची.

मग दोन्ही अंगांच्या लांबलचक अंगणांत शिरा. दिवसा ती उघडी असतात. जिन्यांची दारं शोधलीत की लक्षात येईल, घरी जायची वाट रस्त्यावरून नाही, अंगणातून आहे. म्हणजे कामावरून येणारा प्रत्येक माणूस आधी सगळ्यांच्या अंगणात येणार, तिथं खेळणारी पोरं ओलांडणार, मग आपला जिना चढणार. जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर तीन-चारच दारं. लांब कॉमन पॅसेज नाहीच. माझ्या मते या अख्ख्या वसाहतीतलं राजकारण पुतळ्यांपेक्षा या दारांत जास्त आहे.

ते कळायला आधीची घरं कशी होती ते माहीत हवं. १९१४ च्या आधी इथला कामगार भाड्याच्या बराकीवजा इमारतीत राहायचा. एक खोली, एक स्वयंपाकघर. स्वयंपाकघराची खिडकी पॅसेजमध्ये उघडायची, म्हणजे उजेड उसना आणि धूर शेजाऱ्याला. संडास पॅसेजच्या टोकाला. पाणीही पॅसेजमधल्याच एका नळावर, ज्याला ‘बासेना’ म्हणतात. तिथल्या गप्पांना व्हिएन्नाच्या बोलीत वेगळा शब्द आहे. नळावरचं भांडण ही काही एकट्या गिरगावची मक्तेदारी नाही! भाडं परवडावं म्हणून काही तासांपुरती खाट भाड्याने द्यायचे. रात्रपाळीचा माणूस दिवसा त्यावर झोपायचा. गिरणगावातल्या पाळीपाळीने झोपणाऱ्या गाळेकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. ओटाक्रिंगसारख्या जुन्या भागातल्या काही इमारतींत ओतीव लोखंडाचे बासेना अजून भिंतीला आहेत.

बदल झाला तो मतपेटीतून. १९१९ मध्ये सर्व स्त्री-पुरुषांना समान मताधिकार मिळाल्यावर नगरपालिका समाजवादी लोकशाही पक्षाकडे गेली. १९२२ मध्ये व्हिएन्ना स्वतंत्र प्रांत झाला आणि शहराला स्वतःचे कर बसवायचा हक्क मिळाला. अर्थखातं सांभाळणाऱ्या हुगो ब्राइटनरने १९२३ मध्ये घरबांधणी कर आणला. घर जेवढं ऐसपैस तेवढा दर चढा. लहान घराला नाममात्र, हवेलीवाल्याला सडकून. भाडेनियंत्रण महायुद्धाच्या काळापासूनच होतं, महागाईने भाड्याला काही किंमत उरली नव्हती, त्यामुळे खाजगी मालकाला नवीन बांधण्यात रस नव्हता आणि जमिनी स्वस्त झाल्या होत्या. त्या नगरपालिकेने उचलल्या. १९३४ पर्यंत साठ हजारांहून जास्त घरं झाली. भाड्यातून फक्त देखभालीचा खर्च काढायचा, बांधकामाचा नाही, असा हिशेब असल्याने भाडं कामगाराच्या पगाराच्या अगदी थोड्या टक्क्यांत बसायचं.

घरं मोठी मात्र नव्हती. सुरुवातीचा नेहमीचा नमुना ३८ चौरस मीटरचा, म्हणजे साधारण ४१० चौरस फूट. आत संडास, नळ, गॅस, आणि प्रत्येक खोलीला थेट बाहेरची खिडकी. न्हाणीघर नाही. त्याच दशकात मुंबईत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला २०७ चाळी उभ्या केल्या. एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, मधोमध पॅसेज, संडास सामाईक. तिथं पैशासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीवर रुपया कर होता. कामगारांसाठी घरं दोन्हीकडे बांधली गेली. फरक असा, की व्हिएन्नात बांधणाऱ्याला निवडून यायला भाडेकरूचंच मत लागत होतं. मुंबईत निर्णय गव्हर्नरच्या खात्याचा होता. पॅसेजचा आणि अंगणाचा फरक मला तिथून आलेला दिसतो. बीडीडी पाडून आता टॉवर होताहेत, ५०० चौरस फुटांची घरं आहेत. तिथला पॅसेज लिफ्टने खाल्ला, हे वेगळंच.

न्हाणीघर घरात नाही म्हणून वसाहतीत दोन स्नानगृहं होती आणि दोन मोठी धुलाईघरं. शिवाय बालवाड्या, वाचनालय, दातांचा दवाखाना, औषधांचं दुकान, पोस्ट. हाल्टराउगासे ७ इथल्या धुलाईघरात आता छोटं संग्रहालय आहे. ते गुरुवारी दुपारी आणि रविवारीच उघडतं. वेळ आधी तपासा, नाहीतर बंद दार बघून परतावं लागेल. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा खाणं बरोबर ठेवा. आत गेल्यावर सुकवणीची व्यवस्था समजून घ्या: भिंतीतून उभ्या खणासारख्या उंच चौकटी बाहेर ओढायच्या, त्यांच्या दांड्यांवर ओले कपडे टाकायचे आणि परत आत ढकलायच्या. आत गरम हवा खेळवलेली. घरी दोन-तीन दिवस चालणारी महिन्याची धुणी एका दिवसात उरकायची. पण दिवस ठरलेला, यादीत नाव, आणि वर देखरेख. धुणी धुणं बाईचंच काम, हे मात्र या क्रांतिकारक नगरपालिकेने बदललं नाही. ते फक्त यंत्राने सोपं केलं. पंधराव्या विभागातल्या हाइमहोफमध्ये एकत्र स्वयंपाकघराचा प्रयोग झाला खरा, पण तसले प्रयोग अपवादच.

कमानींपुढच्या त्या चौकाचं नाव ‘१२ फेब्रुवारी’ आहे. १९३४ मध्ये त्या दिवशी ऑस्ट्रियाचा हुकूमशाही चॅन्सेलर डोलफुस याच्या सरकारविरुद्ध कामगार उठले आणि सैन्याने या वसाहतीवर तोफा डागल्या. हा किल्लाच बांधलाय, असा विरोधकांचा आरोप आधीपासून होता. पण एवढ्या खिडक्या, एवढ्या कमानी आणि शेकडो जिने असलेला किल्ला लढवणार कसा? काही दिवसांत तो पडला. नाव बदलून हायलिगेनश्टेटर होफ केलं गेलं, १९४५ नंतर जुनं परत आलं. मधे १९३८ मध्ये नाझी आल्यावर नगरपालिकेच्या घरांतल्या ज्यू भाडेकरूंना बाहेर काढलं. म्हणजे घर देणारी पालिकाच घर काढूनही घेऊ शकते. कौतुक करताना हे पान उलटून पुढं जाऊ नये.

वेळ उरला तर त्याच यू-४ ने मार्गारेटेनग्युर्टेलला उतरा. थोड्या चालीवर मेट्सलाइन्सटालर होफ आणि ह्युबर्ट गेसनरचा रॉयमानहोफ आहेत. रस्त्यावर वाहनांचा गोंगाट, आत शिरलं की आवाज अर्धा होतो. हा फरक कानाने बघायचा आहे, घाई नको. लोक राहतात तिथं, खिडक्यांवर कॅमेरा रोखू नका.

इथल्या पालिकेच्या इमारतींच्या दर्शनी भिंतीवर ठसठशीत अक्षरं असतात, बहुधा लाल रंगात. जर्मन येत नसलं तरी ‘वोनबाउश्टॉयर’, म्हणजे घरबांधणी कर, हा शब्द तेवढा पाठ करून ठेवा. ‘व्हिएन्ना नगरपालिकेने घरबांधणी कराच्या पैशातून बांधली’ असं लिहून पुढं सालं दिलेली असतील, तर ती १९२३ ते १९३४ या अकरा वर्षांतली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इमारतींवर नगरपालिकेचं नाव असतं, साल असतं, पण कराचा शब्द नसतो.