फुगलेलं दार

आमच्या घराचं पुढचं दार वर्षातले चार महिने कुणाचं ऐकत नाही. मिरगाच्या पहिल्या सरी येईपर्यंत ते गुणी असतं, बोट लावलं तरी उघडतं. आषाढ लागला की पाणी पितं, फुगतं आणि चौकटीत असं रुतून बसतं की खांदा दिल्याशिवाय हलत नाही. बाहेर उभ्या पाहुण्याला वाटतं, आतून कडी घातलीय. कडी केव्हाच काढलेली असते. आत मी दोन्ही हातांनी दार ओढत असतो आणि तोंडाने "आलो, आलो" म्हणत असतो.

दार फणसाच्या लाकडाचं, आजोबांनी बसवलेलं. नवं असताना हळदीसारखं पिवळं होतं म्हणे, आता जुन्या गुळासारखं दिसतं. वेंगुर्ल्याजवळ, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर आमचं गाव. जून ते सप्टेंबर इथे 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. बरणीतलं मीठ पाझरतं, काडेपेटी घासून घासून पेटत नाही, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. लाकडाने तेवढं कोरडं राहावं ही अपेक्षाच चूक.

एका आषाढात मी वैतागून मेस्त्रींना बोलावलं. म्हटलं, रंधा घेऊनच या, एकदाचं तासून टाका. मेस्त्री आले, दाराच्या काठावरून अंगठा फिरवला आणि पायरीवर बसून चहा मागितला.

"आता रंदो मारलो तर दार बसतला बरोबर," ते म्हणाले. "पण मे म्हयन्यात फट पडतली. बोट जायत इतकी."

मग त्यांनी मला बशीतल्या चहासोबत लाकडाचं शास्त्र पाजलं. लाकूड फुगतं ते आडवं. उभं, म्हणजे रेषांच्या दिशेने, ते जवळजवळ वाढतच नाही. म्हणून उंची तेवढीच राहते आणि दार बाजूंनी अडकतं. ऊन पडलं की पाणी सोडून ते आपल्या मापावर येतं. पावसाळ्यात तासलेलं मात्र परत येत नाही. "मेणबत्ती घासा काठाक," एवढं औषध सांगून ते उठले. पैसे घेतले नाहीत. काम केलंच नाही तर कसले, म्हणाले.

मेणबत्ती घरात होतीच. 2 फेब्रुवारीला, बाळ येशूला मंदिरात नेलं त्या सणाला, चर्चमध्ये मेणबत्त्या आशीर्वादित करतात. त्यातली एक आई वर्षभर वेदीच्या खणात जपून ठेवते, घरात कुणी फार आजारी पडलं किंवा वादळ आलं तर लावायला. तिचाच उरलेला तुकडा मी दाराला घासला. आई काही बोलली नाही, पण तिने माझ्याकडे जे पाहिलं ते विसरण्यासारखं नाही.

ख्रिस्ती घरात दाराचा विषय तसा नवा नाही. आमच्या बाहेरच्या खोलीत एक जुनं चित्र आहे, अशी चित्रं पुष्कळ घरांत असतात. येशू एका बंद दाराशी उभा राहून ठोठावतोय, आणि त्या दाराला बाहेरून मूठच नाही. प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायातलं ते वचन: पाहा, मी दाराशी उभा आहे आणि ठोकत आहे. या चित्रावरचं प्रवचन मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. कडी आतून आहे, ती आपणच काढायची. आमचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत 2005 साली झाला, त्याआधी आम्ही पुणे धर्मप्रांतात होतो. मला आठवतात ते प्रवचन सांगणारे फादर घाटावरचे होते. चांगला माणूस. पण त्यांच्याकडे दारं फुगत नसावीत. कडी काढलेली आहे, आतला माणूस ओढतोय, तरी दार हलत नाही, ही गत त्यांच्या प्रवचनात कधी आली नाही.

आणि माझी गत बहुतेक वेळा तीच. कडी मी कधी घातली नव्हती. रविवारची मिस्सा चुकवत नाही, मे महिन्यात अंगणातल्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसापाशी, लादीन ही सामूहिक प्रार्थना होते, वाडीतले सगळे येतात, उकडलेले चणे वाटतो. कुणी विचारलं तर मी म्हणेन, माझं मन मोकळं आहे. ते नुसतं फुगलेलं असतं. पाणीही कसलं, तर थेंबाथेंबाचं. कुणीतरी लग्नाला बोलावलं नाही, कुणी बोललेलं तिसऱ्याकडून कानावर आलं. आणि आमच्या बाबतीत मुख्य म्हणजे एक माड.

हा माड आमच्या आणि शेजारच्या काकींच्या गडग्यावर, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधावर, बरोब्बर मधोमध वाढलाय. मूळ कुणाच्या बाजूला, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. (काकींचा देव असल्यामुळे त्याचं नाव घेतलं. आमच्याकडे ही चौकशी कुणाकडे करायची ते मला माहीत नाही.) नारळ कुणाचे यावरून दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. भांडण नाही, फक्त बोलणं बंद. कोकणात याला भांडण म्हणत नाहीत.

आई म्हणते, देवावर भरवसा ठेव. मग रात्री दोनदा उठून कडी चाचपते. मी तिला हसतो, पण मराठीनेच या शब्दाची अशी दशा केलीय. 'देवाच्या भरवशावर सोडलं' म्हणजे कुणीच लक्ष दिलं नाही. बिनराखणीची बाग, बिनछपराची शाळा, सगळं देवाच्या भरवशावर. ज्या भाषेत देवाचा भरवसा म्हणजे हयगय, त्या भाषेत प्रार्थना करायची म्हणजे जरा जपूनच बोलावं लागतं. 'मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा' अशी म्हणही आहेच आपल्याकडे. आमच्या घरी उलटं. दरवाजाला कडी, अडसर, वर आणखी काही, आणि मोरीतून साप आला तेव्हा सगळे खाटेवर.

16 मे 2021 ला तौक्ते वादळ आलं. रविवार होता, प्रभूच्या स्वर्गारोहणाचा. कोरोनामुळे चर्च बंद, मिस्सा मोबाइलवर ऐकायची, आणि नेटवर्क सकाळीच गेलं. पाठोपाठ वीज. दुपारनंतर वाऱ्याचा आवाज असा झाला की वाडीवरून आगगाडी चाललीय आणि तिला शेवटचा डबाच नाही. दार तेव्हा फुगलेलं नव्हतं, मे महिना. उलट झडपा खडखडत होत्या, म्हणून मी अडसर घातला, पाटा सरकवला, त्याला लोखंडी खाट टेकवली. आईने खणातली मेणबत्ती लावली आणि आम्ही तिघं तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायला बसलो. आई, बायको, मी. वारा वाढला तसा आमचा आवाज वाढत गेला. शेवटी शेवटी तर आम्ही जवळजवळ ओरडतच होतो. त्या दिवशी मी खरोखर मनापासून प्रार्थना केली, एवढं सांगतो. हे घर राख, ही माणसं राख.

तिसऱ्या गूढापर्यंत, म्हणजे जपमाळेच्या मध्यापर्यंत, आलो असू. बायकोने हात वर करून आम्हाला थांबवलं. कुणीतरी दार वाजवत होतं.

खाट ओढायची, पाटा ढकलायचा, अडसर काढायचा. केवढा वेळ गेला तेव्हा. दारात काकी उभ्या, नखशिखान्त भिजलेल्या, पदराखाली नातू. त्यांच्या परसातलं आंब्याचं कलम स्वयंपाकघरावर पडलं होतं, अर्धी कौलं खाली. मला बोलणं सुचेना. आईने नातवाला आत ओढलं. किती वेळ वाजवत होतात, मी विचारलं.

"तुमचो तेर्स सपाची वाट बघीत होतंय," काकी म्हणाल्या.

टोमणा नव्हता तो. खरंच तसंच वाटलं होतं त्यांना, की प्रार्थना चाललीय, मध्ये कशाला.

लूकच्या शुभवर्तमानात अकराव्या अध्यायात मध्यरात्रीच्या मित्राचा दाखला आहे. एकजण शेजाऱ्याच्या दाराशी जाऊन तीन भाकरी मागतो. आतला म्हणतो, दार लावून झालंय, पोरं माझ्याजवळ निजलीत, आता उठवत नाही. हा दाखला चिकाटीने प्रार्थना करण्याबद्दलचा, आणि आजवर त्यात मी स्वतःला नेहमी बाहेरच उभा केला होता. देवाच्या दाराशी ठोठावणारा, भाकरी मागणारा बिचारा मी. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला तो आतला माणूस दिसला. त्याच्या तोंडाशी जपमाळ होती.

आमच्याकडे आठ दिवस वीज नव्हती, आणि काकी तेवढे दिवस आमच्याकडेच होत्या. पाच चुलींचं जेवण एका चुलीवर झालं, त्याबद्दल लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल. गंमत एवढीच की वाडीतले एकोणीस माड आडवे झाले, वादातला मात्र जागचा हलला नाही.

मग मी सुधारलो का? योहानाच्या विसाव्या अध्यायातली एक गोष्ट मला त्या बाबतीत फार धीर देते. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी शिष्य भीतीने दारं लावून बसलेले असतात. येशू येतो, मध्ये उभा राहतो, तुम्हास शांती असो म्हणतो, हात आणि कूस दाखवतो. ते आनंदतात. बरं. आठ दिवसांनी पुन्हा सगळे जमतात, थोमाही असतो, आणि योहान न विसरता लिहितो की दारं बंद होती. म्हणजे उठलेल्या प्रभूला डोळ्यांनी पाहिल्यावरही आठवडाभरात यांनी पुन्हा कड्या घातल्या! आणि तो पुन्हा आला. चिडला नाही, कड्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्या चित्रावर प्रवचन देणाऱ्यांनी हा अध्यायही शेजारी ठेवून वाचावा असं मला वाटतं. कडीपाशी तो थांबतो हे खरंच, पण आत घाबरून बसलेल्यांपाशी तो कसा पोचतो ते तिथे लिहिलंय.

मेस्त्रींचं रंध्याबद्दलचं बोलणंही मी हल्ली वेगळ्या कानांनी ऐकतो. पूर्वी ईस्टरआधीच्या तपश्चर्येच्या चाळीस दिवसांत मी स्वतःला तासायला निघायचो. हा दोष काढायचा, तो राग छिलायचा. पडायची ती फटच. आता थोडं मेण लावतो आणि उन्हाची वाट बघतो. वाट बघणं मला जमतं असं नाही. काल गडग्यावरचा एक नारळ काकींच्या बाजूला पडला तेव्हा माझ्या पोटात काय झालं ते मला माहीत आहे.

आज सकाळपासून संततधार. दार पक्कं बसलंय. मी खणातून मेणबत्तीचा तुकडा आणला, वरपासून खालपर्यंत काठावर घासला, दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. नाही. बाहेर पायरीवर पावलं वाजली, छत्री झटकल्याचा आवाज आला.

"बाबू, कडी काढलंस मा?"

"काढलीय काकी. फुगलंय."

"मगे थांब. तू भितुरसून ओढ, मी भायरसून ढकलतंय."

दार वितभर हललं. फटीतून आधी पाऊस आत आला, मग सोललेला एक नारळ, धरलेल्या हातासकट.