निघताना थंडी वाजली पाहिजे

"निघताना थंडी वाजली पाहिजे," चढ संपल्यावर शेजारी थांबलेला सायकलवाला मला म्हणाला.

मी जाड जॅकेट, आत स्वेटर, त्याच्या आत सुती बनियन. चढावर घामाने निथळलो आणि उताराला लागताच तेच बनियन ओल्या फडक्यासारखं पाठीला चिकटलं. 5 अंशांत ताशी 20 किलोमीटरचा वारा लागला की अंगाला जेमतेम 1 अंश जाणवतो. सुती कापड तर घाम धरूनच बसतं!

त्याच्या अंगात लोकरीचं पातळ बनियन, वर पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि वारा अडवणारं कागदासारखं जॅकेट. चढावर त्याच्या जॅकेटची चेन पोटापर्यंत उघडी होती. माथ्यावर येताच एका हाताने सर्रकन गळ्यापर्यंत वर. बस्स.

घरी येऊन बनियन पिळलं. खरंच पाणी निघालं.

उद्या दाराबाहेर मुद्दाम कुडकुडायला जीव धजेल का?