गॅलरीच्या दारावरची घंटा

तेवीस वर्षं मी डोंबिवलीच्या शाळेत चित्रकला शिकवते आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा, स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, यातच वर्ष कधी सरतं कळत नाही. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला मात्र नेमाने जाते. १९५२ पासून ते दार रस्त्यावरच्या माणसाला उघडं आहे. आत शिरलं की थेट चित्रांसमोर, तिकीट नाही, कोण-कुठले म्हणून कोणी विचारत नाही. पण रीगल सिनेमाच्या पलीकडे, कुलाब्यातल्या जुन्या इमारतींमध्ये ज्या खासगी गॅलऱ्या आहेत, तिथे मी जात नसे. एकदाच गेले होते.

बारा-तेरा वर्षं झाली त्याला. पेपरात एका प्रदर्शनाबद्दल वाचलं आणि शाळा सुटल्यावर तशीच गेले. वरच्या मजल्यावर लाकडी बंद दार, शेजारी घंटा. वाजवली. दार अर्धं उघडलं. "किसको मिलना है?" मला कोणालाच भेटायचं नव्हतं, चित्रं बघायची होती. तसं सांगितलं. "अभी बंद है." आत दिवे लागलेले होते, माणसांचा आवाज येत होता. मी जिना उतरले. खांद्यावर शाळेची कापडी पिशवी होती, वह्यांनी फुगलेली. ती पिशवी डोंबिवलीपर्यंत मला खुपत राहिली. त्यानंतर मुलांना समकालीन कलेविषयी सांगायचं तर मी छापील चित्रांवरून सांगायची. स्वतः न पाहिलेलं शिकवत होते आणि ते मला ठाऊक होतं.

या जानेवारीत माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. शाळेत असताना तिची रेघ फार सरळ यायची. आता ती गॅलऱ्यांमध्ये चित्रं टांगण्याचं काम करते. "बाई, गुरुवारी संध्याकाळी मोकळ्या आहात का? गॅलरी वीकेंड सुरू होतोय, सगळीकडे ओपनिंग आहेत. मी घेऊन जाते तुम्हाला." मुंबई गॅलरी वीकेंड २०१२ पासून होतो. त्या दिवसांत शहरातल्या बऱ्याच गॅलऱ्या नवीन प्रदर्शनं लावतात आणि ओपनिंगच्या, म्हणजे उद्घाटनाच्या संध्याकाळी उशिरापर्यंत उघड्या असतात. मी हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो त्या घंटेचा.

सीएसएमटीला उतरून आम्ही फोर्टातून चालत निघालो. पहिलं ठिकाण केमोल्ड प्रेस्कॉट रोड ही गॅलरी. क्वीन्स मॅन्शन, तिसरा मजला. ही गॅलरी १९६३ साली केकू आणि खोर्शेद गांधींनी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू केली होती. त्याआधी केकूंचा धंदा फ्रेम बनवण्याचा. केमोल्ड हे नावही त्या फ्रेमच्या कारखान्याचंच. चित्राला चौकट करून देणारा माणूस चित्रकारांच्या मागे उभा राहिला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. २००७ साली गॅलरी या इमारतीत आली. तळमजल्यावर मी थांबले. ती म्हणाली, "बाई, कोणी विचारलं तर 'शो बघायचाय' एवढंच म्हणायचं. ओपनिंगला तर तेही विचारत नाहीत."

खरंच कोणी विचारलं नाही. टेबलावरच्या मुलीने मान हलवून हसून बघितलं, एक कागद हातात दिला. बस्स. इतक्या वर्षांची धास्ती, आणि ती एवढ्याशा गोष्टीने गेली. गेली म्हणजे त्या दारापुरती. पुढच्या दाराशी पुन्हा थोडी आली.

ओपनिंगला चित्रं नीट बघून होत नाहीत, हे आधीच सांगते. गर्दी असते, ओळखीचे लोक एकमेकांना भेटत असतात, हातात ग्लास असतात, चित्रासमोर पाठी असतात. मी सुरुवातीला प्रत्येक चित्रापुढे परीक्षकासारखी दोन-दोन मिनिटं उभी राहू लागले, तर विद्यार्थिनी म्हणाली, "असं नका करू. आधी एक पूर्ण फेरी मारा, कुठेच थांबू नका. जे मागे ओढेल त्याच्याकडे परत जा." मी हे मुलांना कधी सांगितलं नव्हतं. आता सांगते.

ती स्वतः मात्र चित्रं सोडून भिंती बघत होती. एका ठिकाणी तिने मला जवळ बोलावलं. "इथे बघा, तिरकं बघा." पांढऱ्या रंगाखाली अगदी पुसटसा उंचवटा, तांदळाच्या दाण्याएवढा. मागच्या प्रदर्शनाचा खिळा काढून तिथे पुट्टी भरली होती. प्रत्येक शो उतरला की भोकं बुजवायची, घासायची, पुन्हा रंग. मग चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण अठ्ठावन्न इंचांवर धरायचा, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेला येतो. चित्राच्या वरच्या कडेपासून मागच्या तारेपर्यंतचं अंतर मोजून खिळ्याची जागा काढायची. स्पिरिट लेव्हल लावायची, हातमोजे घालून चित्र चढवायचं. त्याआधी पेटीतून निघताना चित्र कसं होतं, कुठे ओरखडा, कुठे कोपरा दबलेला, याची नोंद करून फोटो काढायचे. "बाई, तुम्ही भूमितीच्या पेपराला मध्यबिंदू काढायला लावायचात ना, तोच आहे हा." भिंतीकडे बघताना तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो मला फार आवडला. लोक चित्र बघतात. ते सरळ कोणी लावलं, हे कोण बघतं?

काळ्या घोड्यापाशी आलो तोवर जहांगीर बंद व्हायची वेळ झाली होती, म्हणून आत गेलो नाही. चालता चालता तिने जहांगीर आणि खासगी गॅलऱ्यांतला फरक समजावला. जहांगीरला चित्रकार भाडं भरून दालन घेतो आणि तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबतो. खासगी गॅलरी चित्रकार स्वतः निवडते, शोचा खर्च उचलते आणि विक्री झाली की सहसा निम्म्याच्या आसपास वाटा घेते. निम्मा ऐकून मला धक्का बसला. पण जागेचं भाडं, वाहतूक, विमा, छपाई, तिच्यासारख्यांची मजुरी असं तिने बोटांवर मोजून दाखवलं तेव्हा थोडं पटलं. पूर्ण नाही पटलं अजून. किमती भिंतीवर लिहिलेल्या नसतात. टेबलावर प्राइस लिस्ट मागायची असते, आणि घ्यायचं नसलं तरी मागता येते. मी एका ठिकाणी मागितली. मुलीने शांतपणे दिली. आकडे वाचून झाल्यावर मी 'थँक यू' म्हणून परत केली, एवढंच.

मग ताज हॉटेलच्या मागचा मेरीवेदर रोड. या एका रस्त्यावर किती गॅलऱ्या! मिरचंदानी स्टाइनरुके, एक्सपेरिमेंटर, झवेरी कंटेम्पररी. एका जिन्यावरून उतरायचं, पलीकडचा जिना चढायचा. याच भागातल्या एका इमारतीत मला थांबवलं ते एका पांढऱ्या कागदाने.

पहिल्या फेरीत मी त्याच्यापुढून सरळ निघून गेले होते. हातकागदाचे मोठे पांढरे ताव, फ्रेमविना भिंतीवर लावलेले, काहीच नाही त्यांच्यावर. परत येताना बाजूने आले आणि भिंतीलगतच्या दिव्याच्या उजेडात कागद उठून आला. हजारो टोचे. सुईने मागून टोचलेले, त्यामुळे पुढे बारीक कडा वर आलेल्या आणि प्रत्येकीची मोहरीएवढी सावली. समोर उभं राहिलं की पांढरं. दोन पावलं डावीकडे सरकलं की चौकोनच चौकोन, मधून बांध, एका कडेला वाकडी खाडी. हातातल्या कागदावर या कामाविषयी दोन परिच्छेद होते. पूर्ण इंग्रजी, आणि असं इंग्रजी की मी दोनदा वाचूनही चौकोन कसले ते कळलं नाही.

मला याचं मनापासून वाईट वाटतं. हे शहर मराठी बोलतं, जे.जे. कला महाविद्यालयात शिकायला गावोगावची मुलं येतात, आणि कामाशेजारी चार ओळी मराठीत नसतात. चार ओळींनी गॅलरीचं काही उणं होणार नाही. दारापर्यंत आलेला माणूस मात्र आत येईल.

चित्रकर्ती कोपऱ्यात पाण्याचा ग्लास धरून उभी होती, तिशीच्या आतली. विद्यार्थिनीने मला कोपराने ढकललं. मी इंग्रजीत वाक्य जुळवत गेले आणि तोंडातून निघालं, "हे दाभणाने टोचलंय का?"

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "नाही काकू, गोधडीच्या सुईने. दाभणाने कागद फाटतो." मग ती बोलतच राहिली. उरणकडची. आजोबांचं मिठागर. हे वाफे तिथले. पाणी आटलं की वरून सगळं पांढरं दिसतं, पण ऊन कललं की बांध दिसायला लागतात, आणि लहानपणी तिला मिठागर दिसायचं ते संध्याकाळीच. म्हणून कागद कोरा. एका तावाला दोन महिने लागतात. बोटाला पट्टी बांधून टोचते. तिने तर्जनी दाखवली, टोकाला घट्टा. आम्ही वीस मिनिटं तरी बोललो असू. मागे लोक थांबले होते, ती हलली नाही. मी शिक्षिका आहे म्हटल्यावर तिने विचारलं, "मुलांना आणाल का? शनिवारी सकाळी गर्दी नसते."

त्यानंतर आम्ही प्रोजेक्ट ८८ला गेलो, कुलाब्याच्या पार टोकाकडे, जुन्या छापखान्याच्या जागेत. दालन सुंदर आहे, पण माझं लक्ष नव्हतं. डोळे भरले की थांबावं. परतीच्या लोकलमध्ये मी शाळेची पिशवी मांडीवर घेऊन मोबाइलमधला तो फोटो बघत होते. फोटोत नुसता पांढरा कागद आला होता.

पुढच्या शनिवारी पाच मुलं आणि एक आई असे आम्ही गेलो. गाडीत मी एवढंच सांगितलं: आधी एक फेरी, कुठे थांबायचं नाही, आणि हात पाठीमागे. वर पोचलो. दार बंद होतं. मुलांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळ्यांत लहानाला उचलून घंटेपर्यंत धरलं आणि त्याने बोट दाबलं. दार उघडलं.

फेरी झाली. आठवीतला एक मुलगा, आगरी वस्तीतला, वर्गात सहसा काही न बोलणारा, पांढऱ्या तावापाशी परत गेला. समोर उभा राहिला, मग बाजूला सरकला, मग भिंतीला गाल लागेल इतका वाकला. दोन्ही हात पाठीमागे, बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली. रखवालदार पुढे झाला, त्या हातांकडे बघून थांबला.

"बाई," तो तिथूनच म्हणाला, "हा बांध इथे फुटलाय. पाणी आत येईल."