व्हेरिकोज व्हेन्स : आधी मूळ, मग जाळी

पोटरीवरच्या फुगलेल्या शिरेपेक्षा मला मांडीवरची बारीक निळी-जांभळी जाळीच जास्त खुपायची. डॉक्टरांनी मात्र आधी घोटा पाहिला. आतल्या बाजूची कातडी काळपट पडली होती, खाजत होती. तिथेच पुढे जखम होते आणि ती लवकर भरत नाही, म्हणून उपचार आता करू, असं ते म्हणाले.

डॉप्लर सोनोग्राफी उभं राहूनच करायला हवी, कारण शिरेतल्या झडपांची, म्हणजे रक्त खाली परतू न देणाऱ्या पडद्यांची, गळती आडवं झाल्यावर नीट कळत नाही. डॉक्टर पोटरी दाबून सोडायचे. रक्त वर जायचं आणि मशीन फसफसायला लागायचं, म्हणजे तेच रक्त उलट खाली येत होतं. हा उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदाहून जास्त टिकला, तर झडप निकामी धरतात. माझी गळती थेट जांघेपाशी, कातडीखालून पायभर जाणाऱ्या मोठ्या सॅफेनस शिरेच्या तोंडाशी निघाली. तिथली गळती तशीच ठेवून खालची जाळी घालवण्यात अर्थ नव्हता.

पायाला दाब देणाऱ्या घट्ट स्टॉकिंग्जनी जडपणा आणि सूज कमी होते, झडप काही सुधारत नाही. शीर काढून टाकायची जुनी शस्त्रक्रिया, फोमचं इंजेक्शन, ग्लू, लेसर, रेडिओफ्रिक्वेन्सी (उष्णतेने शीर आतून बंद करणं) असे पर्याय समोर होते. शीर बंद केल्यावर रक्त जाणार कुठून, ही माझी मोठी शंका. पायातलं बहुतेक रक्त खोल शिरांतूनच वर जातं, आणि माझ्या त्या शिरा मोकळ्या आहेत हे डॉप्लरमध्ये दिसलं होतं. मग मी रेडिओफ्रिक्वेन्सीला हो म्हटलं.

त्यात सगळ्यात नकोशी वाटली ती भूल. शिरेच्या कडेने मांडीभर सुया टोचत गार पाणी भरतात. त्याने दुखणं थांबतं आणि आजूबाजूचा भाग उष्णतेपासून वाचतो. मग गुडघ्याजवळून आत सरकवलेली नळी टप्प्याटप्प्याने मागे ओढतात. प्रत्येक टप्प्याला 120 अंश सेल्सियस, 20 सेकंद. मला काहीच जाणवलं नाही. तासाभरात चालायला लावलं. पोटरी अचानक सुजली किंवा दुखली तर लगेच या, रक्ताची गुठळी असू शकते, अशी ताकीदही दिली. पुढचे काही दिवस मांडीत दोरी ताणल्यासारखं वाटत होतं.

जाळीची पाळी नंतर आली, आणि चिकाटी खरी तिथेच लागली. केसासारख्या सुईने पॉलिडोकॅनॉल, म्हणजे बारीक शिरा बंद करणारं औषध, सोडतात. आधी पाय पहिल्यापेक्षा वाईट दिसतो, तपकिरी डाग तर महिनोन्‌महिने राहतात. गुडघ्याच्या आतल्या बाजूला इंजेक्शननंतर नवीनच तांबूस जाळी उमटली. ती बहुतेक वेळा आपोआप विरते, म्हणून तिथे सध्या सुई लावायची नाही असं आमचं ठरलंय.