मरियमपूरची वाट आणि सहा रोजांचे पैसे

आमच्या गावातून उत्तरेकडं पाहिलं की सातपुड्याची निळी रांग दिसते, पावसाळ्यात कधी दिसते कधी ढगात गायब होते. माझी आजी सकाळी सडा टाकता टाकता त्या रांगेकडं तोंड करून स्तोत्रसंहितेतलं १२१ वं स्तोत्र म्हणायची, "मी आपली दृष्टी डोंगरांकडे लावतो, मला साहाय्य कोठून येईल?" आणि मला लहानपणी खरंच वाटायचं की हे लिहिणारा माणूस आमच्या चांदूर बाजारकडचाच असणार, त्याला पण हाच डोंगर दिसत असणार. आजी गेली त्याला बारा वर्षं झाली पण अजूनही डोंगर दिसला की ते स्तोत्र आपोआप तोंडात येतं.

८ सप्टेंबरला मारिया मातेचा जन्मदिवस. आमच्या गावातली दहा-अकरा ख्रिस्ती घरं, त्यातले आम्ही तेरा जण यंदा चिखलदऱ्याजवळच्या मरियमपूरच्या चर्चला पायी जायचं ठरवून ६ तारखेला पहाटे निघालो. गावात सगळे याला वारीच म्हणतात, आम्ही पण वारीच म्हणतो. शेजारचे काका दरवर्षी शेगावला पायी जातात, त्यांनी आदल्या रात्री घरी येऊन मला बसवून सांगितलं की नवी चप्पल घालू नको, तळपायाला खोबरेल चोळून मग मोजे घाल, आणि पहिल्या दिवशी जोर दाखवू नको. निघताना काकूंनी भुईमुगाच्या शेंगा उकडून दिल्या, अर्धा थैला. वारीला जाणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत आमच्याकडं, मग तो कोणाच्या दारी चालला का असेना.

बायबलमध्ये पण वारी आहेच. वर्षातून तीन सण असे होते की यहुदी लोकांनी यरुशलेमला जायचंच. स्तोत्र १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं आरोहणाची, म्हणजे वर चढत जाताना म्हणायची, आपल्याकडं वाटेनं अभंग म्हणतात तशीच. येशू बारा वर्षांचा असताना आई-बापासोबत नासरेथहून असाच गेला होता, शंभर किलोमीटरच्या वर चाल आहे ती, आणि परतताना तो मागं राहिला तर एक दिवसाची वाट चालून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. आईबापाला वाटलं पोरगा सोबतच्या लोकांत असेल. ज्यानं वारी पाहिली त्याला हे लगेच कळतं, पोरं अशीच या दिंडीतून त्या दिंडीत असतात.

आता खरी गोष्ट सांगतो, कारण ती सांगण्यासाठीच लिहायला बसलोय. माझी पाच एकर आहे, दीड एकरात संत्रा, बाकी कपाशी आणि तूर. यंदा आंबिया बहार चांगला धरला होता, जुलैत एका व्यापाऱ्याला बगीचा, म्हणजे झाडावरची फळं, ठरवून देऊन इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, पण घेतला, पण ऑगस्टच्या पावसात फळगळ अशी झाली की सकाळी झाडाखाली पाय ठेवायला जागा नाही, सगळं हिरवं-पिवळं फळ चिखलात. व्यापारी फोन उचलेना. त्याच दिवसांत कपाशीचं निंदण आलं, आठ बाया सहा दिवस होत्या, अडीचशे रुपये रोज, म्हणजे बारा हजार. मी म्हटलं पोळ्याच्या आधी देतो. पोळा यंदा ऑगस्टमध्येच होता. पोळा झाला, तान्हा पोळा झाला, मी दिले नाहीत. नव्हतेच असं म्हणता येणार नाही, इसाराचे खताच्या दुकानात गेले, आणि घरात मागच्या हंगामाची दोन क्विंटल तूर भाव वाढेल म्हणून ठेवलेली होती. आणि मातेच्या पायाशी ठेवायला पाकिटात दोन हजार एकशे रुपये वेगळे काढले होते, बगीचा वाचावा म्हणून नवस.

त्या आठ बायांतली एक मावशी आमच्यातलीच, ख्रिस्ती. साठीची आहे. नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन ती पण वारीत होती.

पहिला दिवस परतवाड्यापर्यंत सरळ रस्ता, वीसेक किलोमीटर, जपमाळ आणि भजनं म्हणत, ढोलकी एकाच्या गळ्यात आणि टाळ पोरांकडं, त्यात काही सांगण्यासारखं नाही. मी मात्र पूर्ण दिवस एक तर सगळ्यात पुढं नाही तर सगळ्यात मागं चाललो, जिथं मावशी नसेल तिथं. ती एकदाही पैशाचं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी धामणगाव गढीच्या पुढं पाऊस लागला आणि माझ्या टाचेला फोड आला. काकांचं सगळं ऐकलं होतं तरी आला. मी एका पुलाच्या कठड्यावर बसलो, बाकीचे पुढं गेले, आणि मागून मावशी आली डोक्यावर पन्नी घेऊन. बसली. पायाकडं पाहिलं, सुई नव्हती तर तिनं पिशवीतून जुनं लुगडं फाडून पट्टी बांधली आणि मग फडकं सोडलं, ज्वारीच्या दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा. एक भाकर माझ्या हातावर ठेवली, दुसरीतली अर्धी तिनं खाल्ली आणि उरलेली पुन्हा फडक्यात बांधली, नातू पुढं गेला होता त्याच्यासाठी. मला घास गिळवेना. मी म्हटलं मावशी तुमचे पैसे... तर म्हणे, "खा न बापू, पाय थंडा पडला का चालनं होत नाही." आणि उठली.

त्या रात्री घाटातल्या एका गावात शाळेच्या ओट्यावर मुक्काम केला. बॅटरीच्या उजेडात एका पोरीनं लूकचा पहिला अध्याय वाचला, मरीया घाईघाईनं डोंगराळ भागात यहूदाच्या एका गावी गेली तो भाग. तिच्या नात्यातल्या अलीशिबेकडं. मी हा भाग कितीदा ऐकला असेल, पण आज पहिल्यांदा पायाला फोड असताना ऐकला. ती पण चढलीच असेल की असाच घाट, पोटात बाळ घेऊन. आणि पोचल्यावर तिनं जे गाणं म्हटलं त्यात आहे की देवानं भुकेल्यांना उत्तम पदार्थांनी तृप्त केलं आणि धनवानांना रिकामं लावून दिलं. मी काही धनवान नाही, दीड एकर बगीचा तो पण गळालेला, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो. पण त्या ओट्यावर मावशीच्या मानानं कोण होतो मी? झोप आली नाही. बाहेर बेडकं आणि पाणी.

सकाळी धुकं इतकं की पुढच्या माणसाची पन्नी तेवढी दिसायची. मोथ्याच्या जवळ गवळ्यांच्या म्हशी रस्त्यात उभ्या, आणि कालपासून वर गेलेल्या गाड्या आता हॉर्न वाजवत खाली उतरत होत्या. चढताना मी आजीचं स्तोत्र म्हणत होतो, "तो तुझा पाय ढळू देणार नाही". पण मध्येच दुसरंच आठवलं, १५ वं. तुझ्या पवित्र डोंगरावर कोण राहील? असा प्रश्न आहे त्यात, आणि उत्तरात एक ओळ अशी की जो शपथ घेतल्यावर स्वतःचं नुकसान झालं तरी ती मोडत नाही. पोळ्याच्या आधी देतो, हा शब्द मीच दिला होता.

मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, आधी पोचलो. पाय धुतले, आत बसलो, मावशी दोन रांगा पुढं. त्या दिवशीचं शुभवर्तमान मत्तयाचा पहिला अध्याय असतं, येशूची वंशावळ, नुसती नावं, अमक्याला अमका झाला. खरं सांगायचं तर माझं लक्ष दरवर्षी इथंच उडतं. यंदा फादर वाचत होते आणि मध्ये आलं, बवाजाला रूथपासून ओबेद झाला. रूथ. मी एकदम ताठ बसलो. कारण रूथ कोण होती? परक्या मुलखातली विधवा, सासूला घेऊन आलेली, आणि दुसऱ्याच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर पडलेली कणसं, वेचून दोघींचं पोट भरणारी. बवाजानं तिला जेवायला बोलावलं, भाजलेलं धान्य दिलं, ते तिनं पोटभर खाल्लं आणि उरलेलं सासूसाठी बांधून नेलं. कालचं फडकं माझ्या डोळ्यांसमोर आलं. आणि हा बवाज शेतात आला की कापणी करणाऱ्या मजुरांना काय म्हणायचा, तर परमेश्वर तुमच्याबरोबर असो. म्हणजे फादर वेदीवरून आम्हाला जे म्हणतात तेच एक शेतमालक बांधावर उभा राहून मजुरांना म्हणत होता. मी निंदणाच्या वेळी बांधावर जाऊन काय म्हटलं असेन? हात चालवा न जरा, अभाळ आलंय, एवढंच.

देवाच्या घराण्यात शेतमजूर बाई आहे हे मला चाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं असं नाही, मी ऐकलं नव्हतं. आणि ज्या नियमशास्त्रात शेताच्या कडेचं पीक गरिबासाठी सोडा, सरवा वेचू नका असं लिहिलंय, लेवीयाचा १९ वा अध्याय, त्यातच चार ओळींनंतर आहे की मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत, आपल्याजवळ ठेवू नको. एक रात्र म्हणतोय तो. मी तीन आठवड्यांच्या वर ठेवली होती.

दानाची वेळ आली तेव्हा पाकीट माझ्या खिशात होतं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूनं सांगितलंय, तू वेदीजवळ दान आणलंस आणि तिथं आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. मी उठलो नाही. पाकीट तसंच राहिलं.

बाहेर आल्यावर मावशीला बाजूला बोलावलं आणि पाकीट पुढं केलं, म्हटलं यात तुमचे पंधराशे आहेत, वरचे पण ठेवा. तिनं हात मागं घेतला. मला वाटलं रागावली. पण ती शांतपणे म्हणाली, "मले एकटीले नको देऊ बापू. आम्ही आठजणी होतो. मी तेवढी आपल्यातली म्हणून मले आधी भेटले, तर त्या सातजणींले मी काय तोंड दाखवू?" मग थोडं थांबून, "अन् इथं नको. बांधावर दे. तिथंच काम केलं."

त्यानंतर आम्ही नातवाला घेऊन चहा प्यायलो. ती काही वेगळं वागली नाही, माझी पट्टी मात्र तिनं पुन्हा बदलली.

एसटीनं खाली उतरलो, रात्री घरी. बायकोला सगळं सांगितलं तर ती म्हणाली मी तर पोळ्यापासून हेच म्हणतेय. दुसऱ्या दिवशी सकाळीच तूर काढली, मापाला टाकली. भाव माझ्या मनातला नव्हता, ठेवली असती तर कदाचित जास्त आले असते, कदाचित नसते आले. पैसे हातात घेऊन चार वाजता आठही जणींना निरोप पाठवला. कोणी दुसऱ्याच्या वावरातून आल्या, चिखलाच्या पायानं. बांधावर लिंबाखाली उभं राहून मी म्हटलं, परमेश्वर तुमच्याबरोबर असो. त्यातल्या दोघी बौद्ध, पाच हिंदू, त्या थोडा वेळ माझ्याकडं पाहत राहिल्या, मग एकजण म्हणाली, "तुह्यासोबत बी राहो भाऊ." मी हात जोडून उशीर झाल्याची माफी मागितली आणि एकेकीच्या हातात पंधराशे ठेवले. ऊन अजून कपाशीवर होतं.

मावशीनं नोटा मोजल्या, कनवटीतून पैसे काढले आणि सव्वाशे रुपये मला परत दिले. मी म्हटलं हे कशाचे, तर म्हणे, "चौथ्या दिवशी नातवाले ताप होता, मी दुपारीच घरी गेल्ती. तुह्या ध्यानात नशीन."