दोन किलोमीटरसाठी दोन खेपा

परवा लेकीच्या वर्गातल्या एका मुलाचा सातवा वाढदिवस होता. श्टुटगार्टमध्ये आमच्या भागात मुलांचे वाढदिवस मोजूनमापून असतात, दुपारी तीन ते सहा. आधी घरी केक, मग सगळ्या पोरांना घेऊन जवळच्या इनडोअर प्ले एरियात. निमंत्रणाच्या कार्डावर सगळ्यात खाली एक ओळ होती : गाडीतली सीट सोबत पाठवा, म्हणजे लहान मुलांना गाडीत बसवून बांधायची वेगळी खुर्ची.

त्या घराच्या दारात पोचले तर एका बाजूला मुलांचे बूट आणि दुसऱ्या बाजूला भिंतीला टेकून सीट्स मांडलेल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नाव घातलेलं. आपल्याकडे लग्नघरात आचाऱ्याची भांडी येतात त्यांवर जशी नावं असतात, अगदी तशी. मुलं चार. मुलाची आई आधीच पुढे गेली होती, बाबा सगळ्यांना घेऊन जाणार होते. ते मागच्या सीटवर तीन सीट्स बसवायला लागले. दोन नीट बसल्या, तिसरी काही बसेना. पट्ट्याचं बकल दोन सीट्सच्या मध्ये दाबलं जात होतं. त्यांनी एक काढली, दुसरी सरकवली, मधली बदलून पाहिली. चांगली दहा मिनिटं गेली. पोरं अंगणात ओरडत होती, उशीर होत होता. शेवटी ते कंबर सरळ करून उभे राहिले, एका मुलाला म्हणाले, तू दुसऱ्या खेपेला, आणि दोघांना मागे, एकाला पुढे बसवून निघाले. मी उरलेल्या मुलापाशी थांबले.

अंतर दोन किलोमीटर. रस्ता ताशी तीसच्या मर्यादेचा. एकाला मध्ये दाटीवाटीनं बसवलं असतं तर काम झालं असतं, हे त्या माणसाच्या मनातसुद्धा आलं नाही. त्यात त्याला फार काही थोर केल्यासारखंही वाटत नव्हतं. वीस मिनिटांनी परत आले, त्याला बसवलं, मला हात केला आणि गेले. मी मात्र घरापर्यंत तेच डोक्यात घेऊन चालत आले.

आणि त्याच रात्री सासूबाईंचा फोन. उन्हाळ्याच्या सुटीत येतोय, तिकिटं झाली आहेत, सामानाच्या याद्या चालल्या आहेत. बोलता बोलता आई म्हणाल्या, "यंदा ती खुर्ची नको हं आणूस. मागच्या वेळी उगाच सगळ्यांना त्रास झाला."

मागच्या वेळी काय झालं ते सांगते. २०२५च्या ऑगस्टमध्ये आम्ही रात्री दीडच्या सुमारास मुंबईला उतरलो. धाकटे दीर पुण्याहून गाडी घेऊन आले होते. सोबत आई. एवढ्या रात्री, डब्यात गूळपोळ्या घेऊन, दोन वर्षांनी नातीला बघायला. सगळे मागे बसणार तर पट्टे शोधायला लागले, आणि बकलंच नाहीत. गाडीला नवीन रेक्झिनचं सीटकव्हर घातलेलं, कडक, आणि बकलं त्याच्याखाली गाडून टाकलेली. वर नुसता पट्टा लोंबत होता, अडकवायला जागाच नाही. मोबाइलच्या उजेडात कव्हरखाली बोटं घालून मी ते चाचपत होते. रेक्झिनच्या कडेनं बोटं सोलली. पार्किंगचा माणूस शिट्टी वाजवत होता, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. दीर म्हणाले, "अहो वहिनी, रात्रीची वेळ आहे, रस्ता मोकळा आहे, आईच्या मांडीवर झोपेल ती." आणि आई खरंच मांडीवर शाल पसरून बसल्या होत्या. विटकरी रंगाची, त्यांची नेहमीची.

एक बकल निघालं. मी सीट लावली आणि लेकीला आईंच्या शेजारी त्या सीटमध्ये बसवलं. आई काही बोलल्या नाहीत. शाल घडी करून बाजूला ठेवली. पुढे लोणावळा येईपर्यंत त्यांनी लेकीचं एक पाऊल हातात धरून ठेवलं होतं. तिला झोप लागली तरी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना एवढंच म्हणाल्या, "माझ्या मांडीपेक्षा त्या प्लास्टिकवर तुझा विश्वास जास्त?"

याचं उत्तर मी त्यांना अजून नीट दिलेलं नाही. आज इथे देते.

आई, मांडीवर विश्वास आहेच. हातांच्या ताकदीवर नाही, आणि कोणाच्याच हातांच्या नाही, माझ्याही. ताशी ५० किलोमीटरच्या वेगानं गाडी कशावर आदळली तर आतल्या माणसाला बसणारा धक्का साधारण दहा मीटर उंचीवरून पडल्यासारखा असतो. शाळेत शिकलेलं गणित आहे, मी कागदावर करून पाहिलं. दहा मीटर म्हणजे तिसरा मजला. तिसऱ्या मजल्यावरून उडी मारताना कडेवरचं मूल कोणाला धरून ठेवता येईल? आणि एक्स्प्रेस वेवर आपण ५०नं जात नाही, शंभरनं जातो. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते.

आता मुलाला मोठ्यांचाच पट्टा का लावायचा नाही, हा पुढचा प्रश्न. तोही मला घरी विचारला गेला. तो पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. खालचा भाग कंबरेच्या हाडावर आणि तिरका भाग खांद्याच्या मध्यावर यायला हवा. लहान मुलाला तोच पट्टा पोटावर आणि गळ्यावर येतो. बूस्टर सीटचं काम एवढंच, मुलाला उचलून पट्ट्याच्या मापात आणणं. म्हणून इथल्या कायद्यात बारा वर्षं पूर्ण किंवा १५० सेंटिमीटर उंची, यातलं जे आधी होईल तोपर्यंत सीट लागते. हा नियम १ एप्रिल १९९३पासून आहे. मूल मोकळं बसवलेलं सापडलं तर ६० युरो दंड आणि चालवणाऱ्याच्या नावावर चुकीचा एक पॉइंट.

पण त्या बाबांनी दोन खेपा ६० युरोंसाठी घातल्या नाहीत, हे मी पाहिलंय. तिथे कुठलाही पोलीस नव्हता.

मी इथे येऊन एका दिवसात शहाणी झाले असंही नाही. पहिल्याच हिवाळ्यात मी लेकीला जाडजूड जॅकेटसकट सीटमध्ये बांधायची. किती घट्ट बांधलंय म्हणून खूश असायची. एकदा बालवाडीच्या बाईंनी पार्किंगमध्ये पाहिलं आणि न रागावता दाखवलं. पट्टे होते तेवढ्याच मापावर ठेवले, लेकीला बाहेर काढून जॅकेट उतरवलं, पुन्हा बसवलं. पट्टा आणि छाती यांच्यात माझी अख्खी मूठ गेली. म्हणजे धक्का बसला असता तर आधी जॅकेट चेपलं असतं आणि पोर पुढे गेली असती. त्या दिवसापासून आधी जॅकेट काढायचं, पट्टा लावायचा आणि वरून जॅकेट उलटं पांघरायचं.

याच बाईंनी नंतर कधीतरी विचारलं होतं, तुमच्याकडे यासाठी कायदा नाही का? मला ते लागलं. मी म्हटलं, आहे. २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. दुचाकीवरच्या मुलांसाठीसुद्धा आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधलेला सुरक्षा पट्टा आणि वेग चाळीसच्या आत. हे फेब्रुवारी २०२३पासून लागू आहे. माझ्या आवाजाला धार आली होती. बाई म्हणाल्या, छान आहे की. मी घरी आले आणि रात्रभर मला ती रेक्झिनखाली गाडलेली बकलं दिसत होती. कायदा आहे, बकल आहे, आणि दोन्हींवर कव्हर घातलेलं आहे.

"आपण नाही का वाढलो?" हे तर ठरलेलं वाक्य. वाढलो. मीही साताऱ्यात बाबांच्या बजाज चेतकवर पुढे उभी राहून वाढले. वारा तोंडावर यायचा, बाबांची हनुवटी डोक्याला लागायची, त्याहून सुंदर आठवण माझ्याकडे फारशी नाही. पण त्याच स्कूटरवर राजवाड्याच्या उतारावर कुत्रं आडवं आलं, बाबांनी ब्रेक मारला आणि माझी हनुवटी हँडलवर आपटली. तीन टाके पडले. खूण अजून आहे. घरात तो प्रसंग 'हिची हनुवटी फुटली तेव्हा' असाच सांगतात. अपघात हा शब्द कोणी कधी वापरला नाही. जणू ती आपली आपणच फुटली.

मग इथल्या सगळ्याच गोष्टी मला पटतात का? अजिबात नाही. यंदा गणपती १४ सप्टेंबरला आणि आमच्या राज्यातली सुटी संपते १२ला. शाळा नेमकी गणेश चतुर्थीला सुरू. चार दिवसांची रजा मागितली, नाही म्हणाले. सुटीला जोडून रजा सहसा मिळत नाही. २०१८ साली बव्हेरियात मेमिंगेनच्या विमानतळावर पोलिसांनी सुटीच्या आधीच निघालेली कुटुंबं शोधून त्यांच्याविरुद्ध प्रशासनाला कळवलं होतं, इतकं हे कडक. पाच वर्षं लेकीनं घरचा गणपती पाहिलेला नाही, गौरीचा मुखवटा ती फक्त फोनवर पाहते. हे नुकसान यांच्या कुठल्या तक्त्यात बसतं? आणि रेल्वेत मूल रडलं तर इथे लोक मान वळवून बघतात. आपल्याकडे सिंहगड एक्स्प्रेसमध्ये रडणारं पोर तीन बाकांवर फिरून, कोणाच्या तरी हातची भेळ खाऊन, हसत परत येतं. ती माया मी इथे कुठून आणू? मुलाला जपणं आपल्याला शिकवायला कोणी नको, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही.

म्हणूनच यंदाची भेटवस्तूंची यादी अडकून बसली आहे. बाकीचं सोपं असतं. चॉकलेटं (ऑगस्टमध्ये वितळतात, तरी न्यायची), बाबांना दाढीचं सामान, जावेला पर्स. इथे मुलांच्या वाढदिवसाला चांगली सोय असते. मूल खेळण्यांच्या दुकानात जाऊन आपल्याला हव्या त्या वस्तू एका पेटीत काढून ठेवतं आणि आपण त्यातलीच एक घ्यायची. पहिल्यांदा मला ते फार हिशेबी वाटलं होतं. पाकिटात एक्कावन्न रुपये घालून वर 'शुभाशीर्वाद' लिहिणारी माणसं आपण. पण आता वाटतं, कोणी आधीच सांगून ठेवलं असतं की हे चालेल, तर बरं झालं असतं.

कारण मला दिरांच्या मुलाला गाडीची सीट द्यायची आहे. तीन वर्षांचा आहे. स्कूटरवर पुढे उभा असतो आणि गाडीत आईच्या मांडीवर, तेही पुढच्या सीटवर. एअरबॅग उघडली तर ती आधी त्याच्यावर उघडणार, आणि मध्ये तो. फोटो येतात, सगळे बदाम पाठवतात. मीही एकदा पाठवला, आणि मग बराच वेळ फोन उलटा ठेवून बसले.

सीट इथून न्यायची गरज नाही, पुण्यात ऑनलाइन मागवता येते. प्रश्न तो नाही. प्रश्न असा की ती घरात भेट म्हणून पोचेल की टोमणा म्हणून? जाऊबाईंना वाटेल, ही परदेशातून आली आणि मला मूल सांभाळायला शिकवते. नवरा म्हणाला, "खेळणी दे, मोकळी हो." मला ते जमेना. पाच दिवस विचार करून शेवटी मी जावेलाच फोन केला. दिरांना नाही, आईंना नाही. तिला सगळं सरळ सांगितलं, हनुवटीचे टाके, बालवाडीच्या बाई, जॅकेट आणि मूठ. म्हटलं, मीही चुकतच होते, मला कोणीतरी दाखवलं. रंग तू निवड, पैसे मी देते. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, खरं सांगू? ब्रेक लागला की मी दोन्ही हातांनी याला आवळते आणि माझं डोकं काचेवर जाईल म्हणून डोळे मिटते. दर वेळी." इतकी वर्षं आम्ही दोघी एकमेकींशी साड्यांबद्दल बोलत होतो.

आईंनाही फोन केला. खुर्ची आणतेय म्हणाले. आणि लेक तुमच्याच शेजारी बसेल, तिचं पाऊल तुम्हीच धरायचं. त्या "बघू" म्हणाल्या.

काल रात्री दिरांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. नाना पेठेतल्या सीटकव्हरवाल्याकडे गाडी नेली होती. त्याने रेक्झिन कापून, कडा शिवून बकलं वर काढून दिली होती. खाली लिहिलं होतं, "वहिनी, दोन्ही बाजूंची काढून घेतली." मी फोटो मोठा करून पाहिला. दोन बकलं, स्वच्छ, लाल बटणं वर. आणि त्यांच्या मधोमध, सीटवर, ती विटकरी शाल घडी करून ठेवलेली.