चूळ, फुंकर आणि पापणी

गेल्या हिवाळ्यात माझ्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. आधी नुसतं कानामागे ठणकत होतं. मग एका सकाळी चूळ भरली, तर पाणी ओठाच्या कोपऱ्यातून सांडायला लागलं. "अगं, तोंडावरून वारं गेलं," सासूबाई घाबरून म्हणाल्या. शेजारून लेपाचे सल्ले आले, पण नवऱ्याने कुणाचं ऐकलं नाही. त्याच दिवशी मला दवाखान्यात नेलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालायला सांगितलं. उजवीकडे पडल्या, डावं कपाळ सपाटच राहिलं. मेंदूच्या झटक्याने, म्हणजे पक्षाघाताने, तोंड वाकडं झालं तरी कपाळ बहुधा हलतं. इथे बिघाड चेहऱ्याच्या नसेत होता. बेल्स पाल्सी. स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर उपयोग होतो. माझ्या वेळेत सुरू झाल्या.

एवढीशी ती नस, पण तिच्याकडे किती कामं! डोळा मिटत नव्हता. दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणीवर चिकटपट्टी. ती पट्टी रोज नवरा लावायचा, केस अडकू नयेत म्हणून बोटाने ते हळूच मागे सारून. आमच्या घरात प्रेम बोलून दाखवायची पद्धत नाही. घास गालातच अडकायचा, आमटी बेचव लागायची. कुकरची शिट्टी कानात घुसायची, कारण मोठा आवाज सौम्य करणारा कानातला इवलासा स्नायूही याच नसेवर चालतो. न सांगता सासूबाईंनी कुकर बंद केला आणि वरण-भात पातेल्यात शिजवायला लागल्या.

मी पहिलीला शिकवते. रजा संपवून वर्गात गेले तेव्हा प, फ, ब, भ, म नीट उमटत नव्हते. ओठ मिटल्याशिवाय ही अक्षरं येतच नाहीत. फिजिओथेरपीच्या ताईंनी आरशासमोर व्यायाम दिले होते: भुवया उचला, नाक आक्रसा, गाल फुगवा, शीळ घाला. मुलांना सांगितलं, बाईंना गाल फुगवायला शिकायचंय. मग रोज प्रार्थनेनंतर अख्खा वर्ग माझ्यासोबत गाल फुगवून बसायचा. कुणी चिडवलं नाही. एक मुलगी जवळ येऊन सांगायची, "बाई, आज थोडा फुगला."

मैत्रिणीने कृतज्ञतेची वही लिहायला सांगितलं होतं. मोठं काही सुचेना, म्हणून जे घडलं तेच लिहीत गेले. 'आज पाणी कमी सांडलं.' 'चहावर फुंकर मारता आली.' 'पापणी अर्धी मिटली.' याआधी मी देवाचे आभार मानले ते नोकरीसाठी, घरासाठी. पापणीसाठी कधीच नाही, आणि ती तर जन्मापासून न सांगता मिटत आली होती. इजा झालेली नस नव्याने वाढते ती दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर, हे कळल्यावर आरशासमोरची माझी घाईही गेली.

बहुतेक जण यातून पूर्ण बरे होतात. मीही जवळजवळ झाले. हसताना डावा डोळा जरा बारीक होतो, कारण वाढताना नसेचे काही धागे दुसऱ्याच स्नायूला जाऊन जुळतात. त्याचं मला वाईट वाटत नाही.

घरात कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, तर हा पक्षाघात आहे की नसेचा बिघाड, ते घरी ठरवत बसू नका. तडक दवाखाना गाठा. आणि रात्री पट्टी लावायला कुणीतरी जवळ असू द्या.